मानपाडा, पण कुठला?

परवा शनिवारी फ्रीज दुरुस्त करणारा संध्याकाळी सातला येणार होता. पावणेआठला त्याचा फोन. "साहेब, मानपाड्याला पोचलो, बिल्डिंग दिसत नाहीये." मी विचारलं, "शीळ रोडलाच आहेस ना?" तर म्हणे, "नाही, घोडबंदर रोडला." झालं! एकाच ठाणे जिल्ह्यात दोन मानपाडे, आणि इथे राहणाऱ्या प्रत्येकाने हा किस्सा एकदा तरी अनुभवलेला असतो. फ्रीज रविवारवर गेला.

रविवारी सोसायटीची मीटिंग होती. विषय: भाडेकरू कोणाला ठेवायचे. एका काकांनी सांगून टाकलं की "जिल्ह्यात निम्म्याच्या वर बाहेरचे झालेत, आता तरी थांबवा." मी विचारलं, "काका, आकडा कुठला?" "अरे, त्याला आकडा कशाला पाहिजे? रस्त्यावर दिसतंय की!" टाळ्या पडल्या आणि ठराव पुढच्या मीटिंगवर ढकलला गेला. आता सॉफ्टवेअरवाल्याला "लॉग बघायची गरज नाही, मला दिसतंय" असं कोणी म्हटलं की त्याची झोप उडते. म्हणून रात्री बसलो शोधायला.

आणि पहिला परप्रांतीय... चुकलो, पहिला स्थलांतरित सापडला तो मीच!

त्याचं असं आहे. जनगणनेत माणूस स्थलांतरित आहे की नाही हे दोन प्रकारे ठरतं. एक, जन्म दुसऱ्या गावी झाला असेल तर. हा प्रश्न इंग्रजांच्या काळापासून चालत आलाय. दोन, याआधी दुसऱ्या गावात किंवा शहरात राहत असाल तर. हा १९७१ पासून. माझा जन्म मिरजेचा, कारण पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे आईच्या पोटातून बाहेर आलो आणि तीन महिन्यांनी डोंबिवलीला आणल्याबरोबर स्थलांतरित झालो. याला फॉर्मवर चक्क "जन्मानंतर स्थलांतर" असं स्वतंत्र कारण आहे. महाराष्ट्रात माहेरी जन्मलेली पोरं मोजली तर केवढा लोंढा होईल बघा!

दुसरा प्रकार याहून भारी. २००९ मध्ये आम्ही डोंबिवली पूर्वेतून मानपाड्याला राहायला आलो. टेम्पोच्या दोन खेपा. पण तेव्हा मानपाडा महापालिकेत नव्हता. २७ गावं २००२ मध्ये पालिकेतून बाहेर पडली होती, ती परत आत आली २०१५ मध्ये. म्हणजे २०११ च्या हिशोबात आम्ही चौघंही शहर सोडून गावात गेलेले स्थलांतरित. आमचा शेजारी अगदी त्याच रस्त्याने २०१८ मध्ये आला, तो मात्र शहरातल्या शहरात हलला, म्हणून स्थलांतरित नाही. दहिसरहून मानखुर्दला गेलेला स्थलांतरित नाही, आणि मुलुंडहून नाका ओलांडून ठाण्यात आलेला आहे. माणूस किती हलला याला काही किंमत नाही. रेघ कुठे आहे ते महत्त्वाचं.

व्याख्या वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण व्याख्या वाचल्याशिवाय आकडा वाचणं म्हणजे युनिट न बघता बिल भरणं. २०११ मध्ये देशात साधारण ४५ कोटी स्थलांतरित निघाले. आता यातले जवळजवळ निम्मे कशामुळे आलेत? लग्नामुळे! काम-नोकरीसाठी आलेले फक्त दहा टक्क्यांच्या आसपास. महाराष्ट्रातल्या साधारण पावणेसहा कोटी स्थलांतरितांपैकी दुसऱ्या राज्यांतून आलेले होते नव्वद लाखांच्या आसपास. बाकीचे बहुतेक सगळे महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात हललेले. म्हणजे तुमची आई, माझी बायको, आणि टाळ्या वाजवणाऱ्या काकांची सूनबाई.

बायकोचंच घ्या. ती मूळची कोल्हापूरची, पुण्यात नोकरी करत होती, आता ऐरोलीत टीम लीड आहे. फॉर्मवर कारण एकच लिहिता येतं: लग्न. संपलं! तिची नोकरी, तिचा पगार, तिने भरलेला टॅक्स, सगळं त्या एका शब्दाखाली गडप. २०२०-२१ च्या सरकारी श्रमशक्ती पाहणीतही स्थलांतरित बायकांपैकी जवळपास ८७ टक्क्यांचं कारण लग्नच आहे. आणि त्यावर आपण छातीठोकपणे म्हणणार की बायका कामासाठी गाव सोडत नाहीत.

आता दुसरी गंमत. कारणांच्या यादीत १९९१ ला दुष्काळ-पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीचा पर्याय होता. १९९३ मध्ये किल्लारीला भूकंप झाला, गावंच्या गावं उठली. त्यानंतरची पहिली जनगणना २००१ ची, आणि नेमका तेव्हाच तो पर्याय यादीतून काढलेला! २०११ लाही नव्हता. दुष्काळाने गाव सोडलेला माणूस मग "काम" म्हणून मोजला जातो, नाहीतर "इतर" म्हणून. पर्याय नाही म्हणजे आकडा नाही, आकडा नाही म्हणजे प्रश्नच नाही. इतकं सोपं आहे ते.

आमच्या बिल्डिंगचा वॉचमन बीडचा. दिवाळीच्या आसपास तो आणि त्याची बायको गायब होतात, ते थेट उन्हाळ्यात उगवतात. दोघं मिळून एक कोयता, उसाच्या फडावर. २०११ ची मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारीत, म्हणजे ऐन हंगामात. पूर्ण मुदत जो घराबाहेर असेल, त्याला जिथे सापडेल तिथे मोजायचं असा नियम आहे. जो वर्षातून दोनदा गाव बदलतो, त्याचं "याआधीचं राहण्याचं ठिकाण" कुठलं लिहिणार? बीड, फड की मानपाडा? (आणि मानपाडा तरी कुठला?)

हे झालं मोजण्याचं. माझा खरा राग आहे छापण्यावर. २०११ मध्ये मोजलेल्या स्थलांतराचे तपशीलवार तक्ते पूर्ण हाती यायला २०१९ उजाडलं. आठ वर्षं! तोवर इथे शेतं जाऊन टॉवर आले, जिल्ह्याचे २०१४ मध्ये दोन भाग झाले. २०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबली हे मान्य, पण २०११ च्या तक्त्यांना कुठला कोविड झाला होता?

कारण देतात ते असं की लोकांनी सांगितलेली गावांची नावं हाताने लिहिलेली असतात, त्यांना कोड लावायला वेळ लागतो. ही अडचण खरी आहे, फ्रीजवाल्याला विचारा. पण देशातल्या प्रत्येक गावाला जनगणनेचा कोड आहे. आता २०२७ ची मोजणी मोबाईल ॲपवर करायचं ठरलंय, संदर्भ तारीख १ मार्च २०२७. ॲपमध्ये जिल्हा, तालुका, गाव निवडायला दिलं की कोड तिथल्या तिथे लागला. पहिल्या वर्षाच्या फ्रेशरला दिलं तरी होईल असं काम आहे हे. तरीही तक्ते आठ वर्षांनी आले, तर ती तांत्रिक अडचण नसेल, इच्छा नसेल.

आणि इच्छा का नसावी हे २०२० ने दाखवून दिलं. त्या मे महिन्यात नाशिक हायवेवरून माणसं चालत जाताना आपण सगळ्यांनी पाहिली. ८ मे रोजी करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. सप्टेंबरमध्ये लोकसभेत विचारलं, घरी परतताना किती मजूर गेले? श्रम मंत्रालयाचं उत्तर: अशी माहिती ठेवली जात नाही. नुकसानभरपाईचं काय? माहितीच नाही, म्हणून प्रश्न उद्भवत नाही. त्याच सुमारास परतलेल्यांचा आकडा मात्र दिला होता, एक कोटी चार लाख. चालणारे मोजता येतात आणि मेलेले येत नाहीत?

सरकारलाही आकडा लागतोच की! मग काय करतात? २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीने रेल्वेच्या अनारक्षित प्रवासावरून अंदाज बांधला, वर्षाला सुमारे ९० लाख लोक कामासाठी राज्य ओलांडतात. डिसेंबर २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या एका निबंधाने तिकिटं आणि मोबाईल रोमिंगवरून उलटाच सूर लावला, की स्थलांतरित घटून ४० कोटींवर आलेत. कल्पना हुशार आहेत, नाही म्हणत नाही. पण स्वतःच्या घरात माणसं किती हे मोजायला दाराबाहेरच्या चपला मोजायच्या, अशी ही तऱ्हा. ताडून बघायला मूळ तक्ताच नाही.

बाहेर काय सगळं आलबेल आहे? मुळीच नाही. ब्रिटनने जून २०२३ पर्यंतच्या वर्षाचं निव्वळ स्थलांतर आधी ६ लाख ७२ हजार सांगितलं आणि वर्षभराने स्वतःच दुरुस्त करून ९ लाख ६ हजार केलं. तिथे हा विषय सरकार पाडू शकतो, तरी चूक छापली. आकडा लवकर द्यायचा, चुकला तर तसं सांगून नवा द्यायचा. आपण रोज ऑफिसात हेच करतो ना? ऑनसाईट गेलेल्या माझ्या मित्राचं वय, शिक्षण, पगार अमेरिकेच्या एच-१बीच्या वार्षिक अहवालात कुठेतरी मोजलेलं आहे. आमचा वॉचमन मात्र स्वतःच्या देशात कुठल्याच रकान्यात धड बसत नाही. रेशनचा कोटा अजून २०११ च्या लोकसंख्येवर चालतो. न मोजलेला माणूस ताटावरूनही वगळला जातो.

म्हणून माझं मागणं एवढंच. स्थलांतराचे तक्ते कधी येणार त्याची तारीख मोजणीआधी जाहीर करा. कारणांच्या यादीत आपत्ती परत आणा. हंगामी जाणाऱ्यांसाठी एक वेगळा प्रश्न ठेवा. व्याख्या बदलली की काय बदललं ते एका पानावर लिहा. यात कुठलंही रॉकेट सायन्स नाही.

पुढच्या रविवारी मीटिंग आहे. मी छापील तक्ता घेऊन जाणार आहे, २०११ चाच, कारण दुसरा नाहीये. काका म्हणतील, "हा जुना आहे." आणि खरं सांगतो मंडळी, त्यावर माझ्याकडे उत्तर नसेल.

असो. फ्रीज चालू झाला. दुरुस्तीवाला साताऱ्याचा निघाला.