विश्लेषण : बर्फाला रोखणारी प्रथिने कोणाच्या मालकीची?

राष्ट्रीय हद्दींपलीकडील सागरी जैवविविधतेविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १७ जानेवारी २०२६ रोजी लागू झाला. खुल्या समुद्रातील जीवांच्या जनुकीय संपत्तीपासून होणारा लाभ सर्व देशांना मिळावा, अशी तरतूद त्यात आहे. मात्र अंटार्क्टिकातील सूक्ष्मजीवांकडे असलेल्या गोठणरोधक प्रथिनांसारख्या संपत्तीचा प्रश्न त्यातून सुटलेला नाही.

गोठणरोधक प्रथिने म्हणजे काय?

पाणी गोठताना बर्फाचे स्फटिक वाढत जातात आणि पेशींना इजा करतात. ही प्रथिने स्फटिकांच्या पृष्ठभागाला चिकटून त्यांची वाढ रोखतात. आर्थर डीव्हरीस यांना १९६०च्या दशकात अंटार्क्टिकातील माशांच्या रक्तात ती आढळली. पुढे जिवाणू, बुरशी, शैवाल आणि कीटकांतही ती सापडली.

सूक्ष्मजीव त्यांचा वापर कसा करतात?

समुद्री बर्फातील अनेक शैवाले ही प्रथिने पेशीबाहेर सोडतात आणि भोवतालच्या बर्फाची ठेवण बदलतात. ‘मरिनोमोनास प्रायमोरिएन्सिस’ या जिवाणूची तऱ्हा वेगळी आहे. तो अंटार्क्टिकातील वेस्टफोल्ड टेकड्यांमधल्या एस सरोवरात सापडला. त्याचे अवाढव्य प्रथिन दोरासारखे काम करते. एक टोक पेशीत रोवलेले, तर दुसऱ्या टोकाजवळचा भाग बर्फाला धरून ठेवणारा. त्यामुळे प्राणवायूची गरज असलेला हा जिवाणू तळाशी न जाता बर्फाखालच्या प्राणवायूयुक्त थरात राहतो.

उद्योगांना त्यात रस का?

वीज गेल्यावर वितळलेले आइस्क्रीम पुन्हा गोठले की खडबडीत लागते, कारण बर्फाचे कण मोठे झालेले असतात. ही प्रथिने तेच टाळतात. युनिलिव्हरने माशातील असे प्रथिन यीस्टकडून तयार करून घेतले. युरोपीय संघाने २००९ मध्ये त्याच्या वापराला मान्यता दिली. प्रत्यारोपणासाठीचे अवयव जास्त काळ टिकवण्याच्या दृष्टीनेही संशोधन सुरू आहे. बर्फपेटीत ठेवलेले हृदय साधारण चार ते सहा तासच वापरण्याजोगे राहते.

मग पेच कुठे आहे?

नवा करार समुद्रापुरता आहे. एस सरोवर जमिनीवर असल्याने ते त्याच्या कक्षेत येत नाही. अंटार्क्टिकाभोवतालच्या समुद्रातही आधीच्या व्यवस्थांना बाधा आणू नये, असे करारच सांगतो. त्यामुळे तिथे तो किती लागू होणार, यावर मतभेद आहेत. १९५९ चा अंटार्क्टिक करार वैज्ञानिक निष्कर्ष सर्वांना खुले ठेवायला सांगतो. पेटंटपासून मिळणाऱ्या पैशाविषयी त्यात काही नाही. शिवाय सात देशांचे भूभागावरील दावे या कराराने गोठवून ठेवले आहेत. त्यामुळे ‘मालक कोण’ या प्रश्नाला सर्वमान्य उत्तर नाही. सदस्य देशांच्या बैठकांत या विषयावर वीस वर्षांहून अधिक काळ चर्चा होत आहे, पण लाभवाटपाचे बंधनकारक नियम झालेले नाहीत.

भारतासाठी महत्त्व काय?

भारताची ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही केंद्रे अंटार्क्टिकात आहेत, तर मोहिमांचे नियोजन गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्र करते. २०२२ च्या कायद्याने भारतीय मोहिमांना परवान्याचे बंधन घातले. २०२४ मध्ये करारातील देशांची बैठक कोचीत झाली. म्हणजे नियम ठरवणाऱ्यांच्या पंगतीत भारत आहे. नियम नसताना नमुने गोळा करून पेटंट घेण्याची ऐपत असलेल्यांचाच फायदा होतो. नियम फार कडक झाले, तर संशोधक आपले निष्कर्ष दडवू लागतील. हा तोल साधण्यासाठी भारत कोणती भूमिका घेतो, हे म्हणूनच महत्त्वाचे ठरेल.