जवारी न काढता तंबोरा देतो का आपण?

गेल्या मे महिन्यात मेहकरला एका गिटारच्या क्लासमध्ये बसलो होतो. वर पत्रे, बाहेर रणरणतं ऊन. सातवीतली एक मुलगी एफ कॉर्ड धरत होती. तिसऱ्या वेळीही तारा मुक्याच राहिल्या, तशी तिनं बोटांवर फुंकर घातली. सर मायेनंच म्हणाले, "दाब अजून बेटा, घट्टे पडले की दुखायचं थांबतं."

मी गिटार मागून घेतली. बाराव्या पडद्यावर सहावी तार 4 मिलिमीटरहून जास्त उंच होती. पहिल्या पडद्यावर कॅपो लावून तीच पकड कॅपोच्या पुढे धरायला सांगितली. सहाही तारा बोलल्या. बोटं तीच, जोर तोच. कॅपोमुळे फक्त नट बाजूला झाला होता, आणि मुख्य अडचण त्या नटातच होती.

घट्टे पडतात, पडायलाही हवेत. पण बनवणारे, विकणारे, दुरुस्त करणारे आणि शिकवणारे असे आपण सगळेच वाद्याचा दोष शिकणाऱ्याच्या बोटांवर टाकत आलो आहोत. कित्येक मुलं 'आपल्याला जमत नाही' असं समजून दुसऱ्या महिन्यातच गिटार माळ्यावर टाकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मिरजेचे कारागीर जवारी काढल्याशिवाय तंबोरा गिऱ्हाइकाच्या हातात देत नाहीत. घोडीवरून कानस फिरवायची, तार छेडून ऐकायची, पुन्हा घासायची. तेवढं झाल्याशिवाय वाद्य पुरं झालं असं तिथे कुणी म्हणत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांची ही शिस्त आहे. गिटार मात्र आपण खोक्यातून काढतो, सुरात लावतो आणि देऊन टाकतो.

काम अवघड नाही, क्रम मात्र चुकवू नका. आधी मान. सहावी तार पहिल्या आणि चौदाव्या पडद्यावर एकदम दाबा आणि सातव्या पडद्यापाशी फट बघा. 0.2 मिलिमीटरच्या आसपास असेल तर मान ठीक आहे. जास्त असेल तर ट्रस रॉड पाव फेरा फिरवा, पुन्हा सुरात लावा, मग बघा. त्यानंतर नट. तिसऱ्या पडद्यावर तार दाबली की पहिल्या पडद्यावर ती जेमतेम कागदाएवढी सुटी राहावी. इथे हात जपून चालवा, कारण खाच एकदा खोल गेली की मोकळी तार खरखरते आणि नवा नट बसवावा लागतो. सॅडल शेवटी, खालच्या बाजूनं सपाट घासायची. 1 मिलिमीटर घासली की बाराव्या पडद्यावर तार अर्धा मिलिमीटर उतरते. सहावी तार अडीच आणि पहिली दोन मिलिमीटरच्या आसपास आली की नवख्या हातालाही पुरतं. सॅडल घासायला जागाच उरली नाही आणि तार तरी उंच, तर मानेचा कोनच चुकलेला आहे. असली गिटार स्वस्त म्हणून मुलांच्या गळ्यात मारू नका.

तारा बदलल्यानंही फरक पडतो. 12 च्या सेटचा एकूण ताण सत्तर किलोच्या पुढे जातो, 10 च्या सेटचा साठच्या आसपास राहतो. आवाज थोडा बारीक होतो, पहिल्या वर्षी होऊ द्या. आणि ड्रेडनॉट हा आकार 1916 मध्ये निघाला तो भरदार आवाजासाठी. अशा गिटारच्या जाड पोटावरून हात टाकताना बारा वर्षांच्या मुलीचा खांदा कानाशी जातो. लहान अंगाची गिटार सुचवा.

आपल्या हवेचं काय? उन्हाळ्यात लाकूड सुकतं, तबली खाली बसते, पडद्यांची टोकं बोटांना टोचतात. पत्र्याखाली किंवा उन्हातल्या गाडीत गिटार राहिली तर सरस मऊ होऊन ब्रिज सुटू लागतो. पैनगंगेला पाणी आलं की उलटं होतं. लाकूड ओल धरतं, तबली फुगते, तार वर चढते. म्हणजे मे महिन्यात नीट लावलेली गिटार श्रावणात पुन्हा जड होणारच.

त्या मुलीच्या गिटारला मी दुसरी, कमी उंचीची सॅडल बसवली आणि नटाच्या खाचा उतरवल्या. जुनी सॅडल पाकिटात घालून, वर तारीख आणि दोन्ही मापं लिहून बॅगेच्या कप्प्यात ठेवली. उद्या हवा कोरडी पडून तार पडद्यांवर खरखरू लागली, तर सरांना हेच पाकीट उघडायचं आहे.