शितं तिथं बेडूक

परदेशात स्थायिक झालेल्या एका मराठी गृहस्थांचं व्याख्यान नुकतंच ऐकलं. ऑस्ट्रेलियातला हिरवा झाडबेडूक त्यांनी काचेच्या पेटीत पाळला आहे. म्हणणं थोडक्यात असं: रोज संध्याकाळी चिमटीत नाकतोडा धरा, पंधरा दिवसांत बेडूक हातावर येतो, हातावर येतो म्हणजे ओळखतो, ओळखतो म्हणजे लळा लागतो, आणि ज्याला हे पटत नाही त्याला बेडकाची किळस येते, एवढंच. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत.

किळसेचं आधी निपटतो. माझं बालपण कुडाळकडच्या घरात गेलं. न्हाणीच्या चुन्याच्या भिंतीवर पाय पोटाशी घेऊन झाडबेडूक बसलेला असायचाच. साहेबाने त्याला नावच ‘चुनाम फ्रॉग’ दिलं. आंघोळीला गेलेल्या पाव्हण्यांच्या किंकाळ्या ऐकत मी मोठा झालो. बेडकाची किळस मला नाही, या तर्काची आहे.

‘ओळखतो’ म्हणे! १९५९ साली लेटविन, मातुराना, मॅककलक आणि पिट्स या चौघांनी बेडकाचा डोळा त्याच्या मेंदूला काय कळवतो यावर एक निबंध लिहिला. लहानशी गडद वस्तू नजरेच्या टप्प्यात हलली की बेडकाच्या दृष्टितंतूंपैकी काही लगेच खणखणतात, असं त्यांना आढळलं. भोवती खाद्याचा ढीग असला, पण तो हलत नसला, तर बेडूक उपाशी मरेल; आणि दोऱ्याला टांगलेला मांसाचा तुकडा हलवला तर झडप घालेल. तो बेडूक वेगळ्या जातीचा होता, हे मला ठाऊक आहे. पण या गृहस्थांनीच भर सभेत सांगितलं की ‘बोट जरासं हलवावं लागतं’. मग ओळख कोणाची पटली, धन्याची की हालचालीची? उद्या मोटारीवर फिरणारी काडी पेटीत ठेवा, तिचाही बेडकाला तेवढाच लळा लागेल. एकदा त्याने ‘प्रेमाने’ बोटच तोंडात धरलं, हे सांगताना त्यांचा गळा दाटून आला. अहो, त्याला ते बोट नाकतोडा वाटलं! आणि घास घेतल्यावर तो ‘तृप्तीने डोळे मिटतो’, हे तर कळसच. बेडकाचे डोळे गिळताना खोबणीतून आत ओढले जातात आणि घास घशाखाली ढकलायला मदत करतात. तृप्ती नव्हे, ती मुसळाची कामगिरी आहे. बेडकाला सवय होते, माणसाच्या हाताची भीती कमी होते, इतकं मी खुशाल मान्य करतो. पण शितं असतील तिथं भुतं जमतात; त्याला कोणी भुतांचा लळा म्हणत नाही.

हा भोळेपणा नवा नाही. पावसासाठी धोंडी काढताना काठीला बांधलेला बेडूक ओरडतो तो वरुणाला साद घालतो, असं म्हणणाऱ्यांशी मी फार पूर्वी भांडलो आहे. त्याच्याही आधी नागपंचमीच्या दुधावरून. दोन्ही वेळा माझा आवाज चढला आणि मुद्दा राहून गेला. आणि या हिरव्या बेडकाच्या तर नावातच गैरसमज आहे. १७९० साली जॉन व्हाइट यांनी त्याचं वर्णन केलं तेव्हा नमुना मद्यार्कात राहून निळा पडला होता, म्हणून शास्त्रीय नावात तो आजही ‘निळा’च आहे.

बाकीचे मुद्दे किरकोळ. हातावर शांत बसतो? न हलणं हीच त्याची लपण्याची युक्ती. हाताचा स्पर्श मायेचा? बेडूक पाणी तोंडाने पीत नाही, कातडीने घेतो. तुमच्या हातावरचा साबण आणि डासांचं मलमही त्याच वाटेने आत जातं. गुबगुबीत झालाय? ही जात कोंबून खायला घातलं की डोळ्यांवर चरबीच्या वळ्या येईपर्यंत सुटते, आणि हौशी माणूस रोज भरवतो. मुलांना भूतदया शिकवतो? आधी हात धुवायला शिकवा. २००९ ते २०११ या काळात अमेरिकेत पाळीव पाणबेडकांवरून साल्मोनेलाची साथ पसरली, आणि आजारी पडली ती बहुतांशी लहान मुलं.

मग करावं काय, असं कोणी विचारेलच. आणलाच असेल तर चिमट्याने भरवा, तेही आठवड्यातून दोन-तीनदा. उचलायची वेळ आली तर हात स्वच्छ धुऊन, ओले करून. इथं राहत असाल तर मात्र पाळूच नका. पावसात आपल्या झाडबेडकाची मादी पाण्याकाठी मागच्या पायांनी फेस घुसळून घरटं करते, त्यातली पिल्लं खालच्या पाण्यात टपकतात. ते बघायला चिमटीत नाकतोडा लागत नाही, छत्री लागते. एरवी रात्री न्हाणीतला दिवा थोडा वेळ चालू ठेवा. किडे येतील, मागोमाग तो येईल.

आमच्या न्हाणीत गेल्या मिरगापासून एक आहे. त्याने मला अजून ओळखलेलं नाही.