फुकटचं म्हणून मंद?

"सर, फुकटचं घातलंय न्हवं, मग नेट असंच चालणार."

हे वाक्य गेल्या काही महिन्यांत इतक्या जणांकडून ऐकलं, की एकदा त्याच्याशी भांडून मोकळं व्हावं म्हणतो. लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात ऐकलं, पुण्याच्या भाच्याने फोनवर ऐकवलं, आणि परवा एका लग्नात जिलबी वाढणाऱ्या मुलानेसुद्धा (तो बीसीएस करतोय म्हणे) तेच सांगितलं.

निमित्त बहुतेकांना माहीत आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नेहमीची देखभाल थांबवली. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे दहा वर्षांपूर्वी घेतलेले, कीबोर्डचं एक बटणही न तुटलेले लॅपटॉप एका तारखेला म्हातारे ठरले. आमच्या नात्यातच असे चार निघाले. पोरांनी त्यांवर उबंटू किंवा मिंट घातलं आणि यंत्रं पुन्हा पळायला लागली. आठवड्याभराने तक्रारी आल्या. वायफाय रडतंय. दर दहा मिनिटांनी तुटतंय. मोबाइलवर सिनेमा चालतो आणि त्याच टेबलावरच्या लॅपटॉपवर साधं पान उघडेपर्यंत चहा होतो. मग निदान ठरलेलं: ओपन सोर्स ड्रायव्हर. फुकटचा. आणि औषधही ठरलेलं: चाळीस हजारांचा नवा लॅपटॉप.

आता माझं म्हणणं ऐका. ड्रायव्हर कमी पडतोय, हे बऱ्याच वेळा खरं असतं. पण तो फुकटचा आहे म्हणून कमी पडतोय, हे साफ खोटं आहे.

ड्रायव्हर म्हटलं की ज्यांना एसटीचा ड्रायव्हर आठवतो अशा माझ्या वयाच्या मंडळींसाठी थोडं सांगतो. लॅपटॉपच्या पोटात वायफायची एक बारकी पट्टी असते, तिच्यावर चिप असते. त्या चिपची भाषा वेगळी, संगणकाची वेगळी. मधला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. आपल्याकडे निपाणी-बेळगावच्या बाजूला मराठी-कानडी दोन्ही येणारी माणसं पैशाला पासरी मिळतात, म्हणून दुभाष्याची किंमत आपल्याला कळत नाही. पण समजा, एखाद्या दुभाष्याला समोरच्या भाषेचा शब्दकोश द्यायचाच नाही असं कुणी ठरवलं, व्याकरणही कुलपात ठेवलं, आणि वर म्हटलं "हा अडखळतो, कारण हा पगार घेत नाही", तर? वायफायच्या बाबतीत हुबेहूब हेच चाललंय. चिप बनवणारी कंपनी विंडोजसाठी ड्रायव्हर स्वतः लिहिते किंवा लिहून घेते, कारण शब्दकोश तिच्याच घरात असतो. लिनक्ससाठी काही कंपन्या माहिती देतात, काही अर्धीमुर्धी देतात, काही देतच नाहीत. मग कुणीतरी स्वयंसेवक अंधारात चाचपडत तो दुभाषा घडवतो.

हे नुसतं तोंडाने बोलत नाही. ब्रॉडकॉम कंपनीचं उदाहरण घ्या. तिच्या वायफाय चिपा एके काळी असंख्य लॅपटॉपांत होत्या आणि लिनक्ससाठी कागदपत्रं शून्य. तेव्हा काही स्वयंसेवकांनी काय केलं, तर दोन तट पाडले. एका तटाने कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर वाचून चिप कशी वागते त्याचं वर्णन लिहायचं, आणि दुसऱ्याने तो ड्रायव्हर डोळ्यांनीही न बघता फक्त वर्णनावरून नवा लिहायचा. म्हणजे नकलेचा आरोप नको. एवढे सोपस्कार करून तो ड्रायव्हर २००६ साली लिनक्सच्या कर्नलमध्ये आला. ब्रॉडकॉमने स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर २०१०मध्ये. मधल्या चार वर्षांत ज्यांचं वायफाय मंद चाललं, त्यांनी शिव्या मात्र त्या स्वयंसेवकांना घातल्या!

(आपल्याकडे कुणी म्हणेल, असं खोलून बघणं चोरीच की. नाही. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२मध्ये तशी मुभा आहे. दोन प्रोग्रॅम एकमेकांशी जुळावेत म्हणून लागणारी आणि एरवी सहज न मिळणारी माहिती, कायदेशीररीत्या जवळ असलेल्या प्रोग्रॅममधून शोधून काढता येते.)

आणि खोलून बघून शिकण्याला नाक मुरडायचं असेल तर निदान कोल्हापूरकराने तरी मुरडू नये. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे, त्याच्यासमोरून आपण रोज गाडी दामटतो. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी सिनेमाचं यंत्र विकत आणून, बघून, अभ्यासून आपला कॅमेरा घडवायला घेतला होता. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी दामल्यांसारख्या शिष्याला हाताशी धरून १९१८ साली चालता कॅमेरा उभा केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. आपण त्याचा स्तंभ उभारला. तेच काम वायफायच्या चिपवर कुणी केलं की त्याला आपण "फुकटचं" म्हणतो.

तो "फुकट्या" कोण असतो तेही सांगतो. लॅरी फिंगर नावाचे एक अमेरिकन गृहस्थ होते. आयुष्यभर स्फटिकशास्त्रात संशोधन केलं आणि निवृत्तीनंतर लिनक्सच्या वायफाय ड्रायव्हरांच्या मागे लागले. आधी ब्रॉडकॉमचे, मग रिअलटेकचे. लिनक्समध्ये त्यांच्या हजाराहून अधिक दुरुस्त्या आहेत. २१ जून २०२४ला ते गेले. ही बातमी त्यांच्या पत्नीने सहकाऱ्यांना कळवली. ऐंशी उलटलेला हा माणूस कुठल्या तरी अनोळखी पोराच्या लॅपटॉपचं वायफाय नीट चालावं म्हणून बसत होता. आमच्या पिढीत निवृत्त माणसाने सकाळी रंकाळ्याला फेरी मारावी आणि दुपारी पेपरातलं शब्दकोडं सोडवावं अशी अपेक्षा असते, म्हणून मला त्यांचं जास्तच कौतुक.

याच फिंगरांच्या काळातली रिअलटेकच्या ८७२३बीई या चिपची हकिगत तर शाळेत शिकवावी अशी आहे. या चिपच्या पट्टीवर अँटेनाची वायर जोडायला दोन जागा. काही लॅपटॉप बनवणाऱ्यांनी काटकसर म्हणून एकच अँटेना बसवली. ती कुठल्या जागी जोडली याची नोंद चिपच्या पोटात करायची असते; ती चुकीची केली. लिनक्सचा ड्रायव्हर प्रामाणिक विद्यार्थ्यासारखा नोंद वाचतो आणि जिथे वायरच नाही तिथून ऐकायला बसतो. परिणाम काय, तर राउटर शेजारच्या खोलीत असून सिग्नल चार खोल्या पलीकडचा. शेवटी ड्रायव्हरमध्ये एक जादा पर्याय घालावा लागला: "अँटेना पहिली की दुसरी, ते माणसानेच सांगा." एक ओळ लिहिली, संगणक पुन्हा सुरू केला, की वायफाय धावतं. आता मला सांगा, वायर अर्धी कुणी जोडली? नोंद कुणी चुकवली? आणि "फुकटचं आहे" हा शिक्का कुणाच्या कपाळी बसला?

म्हणून दुकानात पळण्याआधी घरच्या घरी बघा. लॅपटॉप आणि मोबाइल एकाच टेबलावर ठेवा. मोबाइलही मंद असेल तर ड्रायव्हरचा काही संबंध नाही, राउटर किंवा नेटवाला बघा. मोबाइल चांगला चालतोय, तर लॅपटॉपला राउटरची वायर थेट जोडा. वायरीवर पळालं आणि हवेतून रडलं, तर मग दुखणं वायफायचं. इथे पहिला संशयित वीजबचत. उबंटूत आणि तिच्या भाईबंदांत वायफाय अधूनमधून डुलकी घेईल अशी मांडणी आधीपासून असते. नेटवर्क मॅनेजरच्या एका छोट्या फाइलमध्ये 'पॉवरसेव्ह'समोर ३ लिहिलेलं असतं; तिथे २ केलं की डुलकी बंद. तुटणारी कितीतरी कनेक्शनं एवढ्यावर जागेवर येतात. बॅटरी थोडी जास्त खाते, खाऊ दे.

दुसरं म्हणजे सिग्नलचा आकडा. तो उणे असतो, त्यामुळे गणितात कच्चे असणाऱ्यांची पंचाईत होते. उणे ५० म्हणजे ठणठणीत, उणे ८० म्हणजे शेवटची घरघर. राउटर समोर असून उणे ८० दिसत असेल तर वरची अँटेनाची कथा आठवा. आकडा चांगला आहे पण वेग नाही, असं असेल तर राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडून बघा. २.४च्या पट्ट्यात अख्ख्या अपार्टमेंटची गर्दी असते आणि ब्लूटूथही तिथेच बसतं. फक्त तुमची चिप ५चा पट्टा पकडणारी हवी. ती ८७२३बीई तर पकडतच नाही. इंटेलच्या जुन्या चिपांना '११एन' या प्रकारातला एक पर्याय बदलून फरक पडतो. यातलं सगळं करून रडगाणं राहिलंच, तर कर्नल नवा करून बघा. तरीही नाही, तर यूएसबीला लावायचा छोटा वायफाय डोंगल आणा, पण लिनक्सच्या कर्नलमध्ये ज्याचा ड्रायव्हर आधीच आहे असाच. मीडियाटेकचे बरेच चालतात. दुकानदाराने "ह्याबरोबर सीडी आहे" म्हटलं की तिथून निघा.

आता दुसऱ्या बाजूलाही चार शब्द ऐकवतो, नाहीतर म्हणाल सर एकांगी झाले.

लिनक्सवाल्या मंडळींतही एक सोवळा पंथ आहे. चिपच्या आत भरायचा जो बंदिस्त मजकूर असतो, ज्याला फर्मवेअर म्हणतात, तो खुला नाही म्हणून डेबियनसारखी वितरणं वर्षानुवर्षं तो मुख्य सीडीत देत नव्हती. तत्त्व मला मान्य. पण त्यामुळे व्हायचं काय, की खेड्यातल्या पोराने हौसेनं लिनक्स घातलं तर वायफाय दिसायचंच नाही, आणि ते दिसण्यासाठी लागणारी फाइल उतरवायला नेट हवं! आडात नाही आणि पोहऱ्यातही नाही. ऑक्टोबर २०२२मध्ये डेबियनवाल्यांनी रीतसर मतदान घेतलं आणि जून २०२३च्या डेबियन १२पासून ते फर्मवेअर सोबत येऊ लागलं. उशिरा का होईना, शहाणपण. शिवाय काल चालणारं वायफाय आज अपडेटनंतर बंद, हेही घडतं, आणि तो दोष त्यांचाच. विचारायला जावं तर "आधी वाचून या" म्हणणारेही भेटतात. वर्गात कुठल्या मास्तराने असं उत्तर दिलं असतं, तर पालक हेडमास्तरांच्या खोलीत येऊन बसले असते.

पण या दोषांनी "खुला म्हणून मंद" हे सिद्ध होत नाही. उलट पुरावाच बघा. अथेरॉस कंपनीने जुलै २००८मध्ये आपल्या '११एन' चिपांसाठी 'एटीएच९के' हा खुला ड्रायव्हर स्वतः दिला, सोबत माहितीही आली. या ड्रायव्हरवर चालणाऱ्या लॅपटॉपमधल्या चिपांना तर वेगळं फर्मवेअरही लागत नाही. तो आजही लिनक्समधल्या सर्वांत भरवशाच्या वायफाय ड्रायव्हरांत गणला जातो. तोही फुकट, तोही खुला, त्यावरही स्वयंसेवक काम करतात. फरक एवढाच की इथे शब्दकोश मिळाला.

मग कंपन्या माहिती लपवतात ती का? त्यांची कारणं असतात: स्पर्धक, पेटंट, आणि रेडिओलहरींचे सरकारी नियम मोडले जातील ही भीती. पण अथेरॉसलाही हीच कारणं होती की! मला वाटतं मुख्य कारण साधं आहे. आपण विचारत नाही. लॅपटॉप घेताना रॅम विचारतो, हार्ड डिस्क विचारतो, बॅग फुकट मिळणार का तेही विचारतो. वायफायची चिप कुठली, हे विचारणारं गिऱ्हाईक दुकानदाराने पाहिलेलं नसतं. मी विचारलं तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी म्हशीचं गोत्र विचारलं.

शाळांचं तर बोलूच नका. सरकारी कामात ओपन सोर्स सॉफ्टवेअरला पसंती द्यावी, असं केंद्र सरकारचं २०१५चं धोरण आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्सचे धडे मराठीत ऐकायला मिळतात. म्हणजे सॉफ्टवेअर आहे, शिकवणी आहे. पण शाळेच्या संगणकखोलीसाठी यंत्रं घेताना मागणीच्या कागदावर "वायफाय" एवढा एकच शब्द असतो. मग येईल ती चिप येते आणि पाच वर्षांनी ती खोली बंद पडते.

तर आमच्या नात्यातले जे कुणी शाळांच्या समित्यांवर आहेत (दोघं तरी आहेत, ओळखतील स्वतःला), त्यांनी पुढच्या खरेदीच्या कागदात एक ओळ घालावी: "वायफाय चिपचे नाव व क्रमांक लिहावा, तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये असावा, पुरवठादाराने यंत्र लिनक्सवर वायफायसह चालवून दाखवल्यावरच बिल मंजूर होईल." ओळ नीट बसत नसेल तर मला फोन करा, शुद्धलेखनासकट तपासून देतो.