विश्रांतीची मजुरी कोण देणार?

कष्टकऱ्याच्या घरात शस्त्रक्रियेचा प्रसंग येतो तेव्हा त्या घराला दोन हिशेब मांडावे लागतात. पहिला रुग्णालयाचा : खाटेचे भाडे, भूल देणाऱ्या डॉक्टरांची फी, तपासण्या, औषधे, रक्ताची बाटली. या हिशेबाविषयी गेल्या काही वर्षांत पुष्कळ बोलले गेले, विधिमंडळात वादविवाद झडले, योजनाही आल्या. दुसरा हिशेब रुग्ण घरी परतल्यावर सुरू होतो. कमावता माणूस अंथरुणाला, त्याची मजुरी बंद. त्याची शुश्रूषा करणाऱ्या माणसाचीही मजुरी बंद. वाण्याची उधारी मात्र चालू. या दुसऱ्या हिशेबाची नोंद शासनाच्या दप्तरात जवळजवळ नाही. आरोग्याच्या प्रश्नाची ही बाजू ऐरणीवर आणणे अगत्याचे झाले आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणजे रुग्ण बरा झाला, असा एक समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. त्वचेवरचे टाके आठ-दहा दिवसांत निघतात. परंतु पोटाच्या भिंतीचा आतला थर पूर्वीसारखा बळकट व्हायला अनेक आठवडे लागतात. म्हणूनच अंतर्गळाच्या म्हणजे हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवडे जड ओझे उचलू नये, असे सर्जन सांगतात. पोट उघडून गर्भाशय काढले असेल तर सहा ते आठ आठवडे जपावे लागते. दुर्बिणीतून पित्ताशय काढले तर एक-दोन आठवड्यांत हलके काम करता येते. पण ‘हलके काम’ हा शब्द कचेरीतील खुर्चीला लागू पडतो, बाजार समितीतील पोत्याला नव्हे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया काही मिनिटांत होते. तरी पुढे काही आठवडे डोळ्यात थेंब घालावे लागतात, धूळ व पाणी यांपासून डोळा जपावा लागतो. शेतमजुराने तो कसा जपावा?

या सल्ल्याकडे पाठ फिरवली तर काय होते हेही सर्वांना ठाऊक आहे. ओझे उचलल्यामुळे टाक्यांच्या जागी पुन्हा अंतर्गळ होतो, जखम चिघळते आणि रुग्ण पुन्हा त्याच रुग्णालयात, कधी कधी त्याच टेबलावर येतो. विश्रांती हा उपचाराचाच भाग आहे. औषध अर्धे घेऊन चालत नाही, तशी विश्रांतीही अर्धी घेऊन चालत नाही.

अशी पूर्ण विश्रांती या देशात कोणाला मिळते? सरकारी नोकराला वैद्यकीय रजा आहे. कारखान्यातील कामगारासाठी कर्मचारी राज्य विमा योजना आहे. १९४८ च्या कायद्याने ही योजना आली आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे तिचा प्रारंभ झाला. त्या कायद्याच्या तरतुदी पुढे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावून घेण्यात आल्या. या योजनेत आजारी कामगाराला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. ही साधी गोष्ट नाही. आजारपणातही कामगाराची चूल पेटली पाहिजे, हे तत्त्व स्वतंत्र भारताच्या संसदेपूर्वीच्या विधिमंडळाने स्वीकारले, याचे श्रेय कामगार चळवळीच्या दबावाला आहे.

तथापि या योजनेला दोन कुंपणे आहेत. पहिले वेतनमर्यादेचे; २०१७ साली ही मर्यादा दरमहा २१,००० रुपयांवर आणण्यात आली. दुसरे कुंपण अधिक जाचक आहे. भत्ता हवा असेल तर सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी जमा असावी लागते. कंत्राटदार बदलला, कामगाराचे नाव हजेरीपटावरून उतरले, मालकाने वर्गणी कापली पण भरली नाही, की हा कामगार कुंपणाबाहेर पडतो. आणि ज्यांना मुळात मालकच नाही, म्हणजे ज्यांचा मालक कागदावर कधीच सापडत नाही, त्या हमाल, शेतमजूर, मोलकरीण, फेरीवाला, बांधकाम मजूर यांच्यासाठी तर कुंपणाच्या आत येण्याचे दारही नाही.

याचा परिणाम किती भीषण होतो हे महाराष्ट्राने बीड जिल्ह्यात पाहिले. ऊसतोडणी कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढले गेल्याचे आढळले. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस काम बुडाले की खाड्याचा दंड. पाळीच्या दुखण्याने खाडा पडतो म्हणून पिशवीच काढून टाकावी, असा सल्ला जिथे शहाणपणाचा वाटतो, तिथे प्रश्न केवळ डॉक्टरांच्या लोभाचा उरत नाही. आणि शस्त्रक्रियेनंतरही खाडा आहेच. डोक्यावर मोळी घेऊन गाडीत चढणाऱ्या बाईला आठ आठवड्यांची विश्रांती लिहून देणे म्हणजे तिने न पेलणारे कर्ज तिच्या नावावर लिहिणे होय. अंडाशयेही काढली गेली असतील तर अकाली रजोनिवृत्ती येते, हाडे लवकर ठिसूळ होतात. मजुरीचे दिवस वाचवण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया मजुरीची वर्षे खाते.

शासकीय आरोग्य योजना या बाबतीत काय करतात? महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली. तिच्यात कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांपर्यंतची औषधे व तपासण्या अंतर्भूत आहेत. अनेक गरिबांचे प्राण या योजनांनी वाचले आहेत, हे मान्य करण्यात आम्हांला कोणताही संकोच नाही. परंतु यांतील सारा पैसा रुग्णालयाकडे जातो. रुग्णाच्या हाती, त्याच्या बुडालेल्या मजुरीपोटी, काहीही पडत नाही. लाखाची शस्त्रक्रिया फुकट होते आणि पुढच्या महिन्याच्या ज्वारीसाठी सावकाराच्या दारी जावे लागते.

बुडालेल्या मजुरीची कल्पनाच शासनाला सुचली नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. ती सुचली, पण फक्त एका शस्त्रक्रियेपुरती. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घेणाऱ्याला मजुरी बुडाल्याची भरपाई देण्याची केंद्र सरकारची योजना १९८१ पासूनची आहे. तशा रकमा त्याआधीही दिल्या जात होत्या. कर्मचारी राज्य विमा योजनेत एरवी ७० टक्के मिळणारा भत्ता नसबंदीनंतर पूर्ण वेतनाइतका होतो : पुरुषाला ७ दिवस, स्त्रीला १४ दिवस. म्हणजे शासनाला हवी असलेली शस्त्रक्रिया केली तर कष्टकऱ्याचा दिवस मोलाचा. त्याच्या स्वतःच्या जिवासाठी हवी असलेली शस्त्रक्रिया केली तर त्याचा दिवस कवडीमोल! या विसंगतीवर बोट ठेवले की पुढचा युक्तिवाद आपोआप सिद्ध होतो. तत्त्व मान्य आहे, यंत्रणा माहीत आहे. अडचण फक्त इच्छेची आहे.

इतरत्र काय झाले तेही पाहावे. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ साली आजारपणाच्या विम्याचा कायदा केला आणि आजारी कामगाराला तेरा आठवड्यांपर्यंत निम्मे वेतन देऊ केले. समाजवाद्यांवर बंदी घालणाऱ्या बिस्मार्कला हे करावे लागले, ते समाजवाद्यांच्या वाढत्या बळाला शह देण्यासाठीच. आज त्या देशात पहिले सहा आठवडे मालकाला पूर्ण वेतन द्यावे लागते. जर्मनी श्रीमंत आहे असे कोणी म्हणेल, तर आपल्याच देशातील आंध्र प्रदेशाकडे पाहावे. तेथे डिसेंबर २०१९ मध्ये ‘आरोग्य आसरा’ ही योजना सुरू करण्यात आली. आरोग्यश्री योजनेखाली शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला विश्रांतीच्या काळात दिवसाला २२५ रुपये, महिन्याला कमाल ५,००० रुपये देण्याची तीत तरतूद होती. रक्कम तुटपुंजी होती. पण एका राज्य सरकारने हा दुसरा हिशेब स्वतःच्या वहीत लिहून घेतला, ही गोष्ट महत्त्वाची.

महाराष्ट्राची स्वतःची परंपराही याला अनुकूल आहे. ठरावीक मालक नसलेल्या कामगाराला सुरक्षा देता येत नाही, हा समज याच राज्याने १९६९ च्या माथाडी कायद्याने खोटा ठरवला. मजुरीवर लेव्ही बसवून, मंडळ स्थापून, पोते उचलणाऱ्या माणसाला भविष्यनिर्वाह निधी आणि रजेचा पगार मिळू लागला. जे माथाडीला साधले ते शेतमजुराला आणि मोलकरणीला का साधू नये?

आक्षेप घेतले जातील. पहिला पैशाचा. त्याचे उत्तर असे की चिघळलेली जखम आणि दुसरी शस्त्रक्रिया यांचा खर्च आजही सरकारी तिजोरीतूनच होतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विश्रांतीचा भत्ता मिळतो म्हणून गरज नसलेल्या शस्त्रक्रिया वाढतील काय? नसबंदीच्या बाबतीत भरपाईचे आमिष झाले आणि आमिषाला १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत सक्तीची जोड मिळाली, हे आपण विसरलेलो नाही. पण तो अनर्थ झाला तो अधिकाऱ्यांवर लादलेल्या उद्दिष्टांमुळे आणि माणसे आणून देणाऱ्या दलालांमुळे. म्हणून विश्रांतीभत्त्यात उद्दिष्ट नको, दलालाला दमडी नको, एकरकमी वाटप नको. सर्जनने लिहिलेल्या दिवसांपुरता, किमान वेतनाच्या दराने, दर पंधरवड्याच्या तपासणीनंतर तो रुग्णाच्या खात्यात जमा व्हावा. गर्भाशयासारख्या शस्त्रक्रियेपूर्वी सरकारी डॉक्टरचे दुसरे मत बंधनकारक असावे. शस्त्रक्रियेची नोंद योजनेच्या दप्तरात आधीच असते. नवे खाते उभारण्याचीही गरज नाही. शुश्रूषेसाठी घरी राहणाऱ्या एका माणसाचा विचारही याच योजनेत झाला पाहिजे.

ही मागणी मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसावे असे नाही. वस्तीतील माणूस रुग्णालयात जातो तेव्हा त्याला भाषणाहून सोबतीची गरज असते. संमतीपत्रावर अंगठा उठवण्यापूर्वी त्यातला मजकूर वाचून दाखवावा. एका तपासणीसाठी दिलेली संमती दुसऱ्या शस्त्रक्रियेला लागू होत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालीच दिला आहे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवण्याची योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केली. त्या खाटा मागून घ्याव्या लागतात, आपण होऊन कोणी देत नाही. खासगी रुग्णालयांनी दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावावी, असे २०२१ साली दुरुस्त झालेले राज्याचे नियम सांगतात. ती लावली आहे की नाही हे पाहणे हे आपलेच काम आहे.

रुग्ण घरी आला की दुसरे काम सुरू होते. विश्रांती म्हणजे दिवसरात्र पडून राहणे नव्हे. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर लवकर उठून थोडे थोडे चालावे. त्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो, छातीत कफ साठत नाही. वर्ज्य आहे ते ओझे. डाळ-भात खाल्ला तर टाके पिकतात, ही समजूत अजून घरोघर आहे. खरे पाहता जखम भरायला डाळ, अंडी, दूध, मासळी यांतील प्रथिनेच लागतात, आणि याच दिवसांत रुग्णाला पेजेवर ठेवले जाते. मधुमेही रुग्णाने आपले पथ्य डॉक्टरांना विचारून ठरवावे. ताप, जखमेतून पू, पोटरीला सूज, धाप यांपैकी काही दिसले तर उद्याची वाट पाहू नये. घरी सोडताना मिळालेले कार्ड जपून ठेवावे आणि त्यावरची पुढील तपासणीची तारीख चुकवू नये.

आणि घरातल्या बाईची शस्त्रक्रिया झाली असेल तर आणखी एक गोष्ट. पुरुष आजारी पडला की बाई त्याची शुश्रूषा करते. बाई आजारी पडली की चौथ्या दिवशी ती हंडा उचलताना दिसते. समतेच्या सभांना जाणाऱ्या कार्यकर्त्यांच्या घरांनाही हे लागू आहे. ते सहा आठवडे पाणी भरणे आणि भाकरी थापणे पुरुषांनी अंगावर घेतले, तर त्याला शासनाच्या मंजुरीची गरज पडणार नाही.

तेव्हा आपल्या पुढील शिबिरांत आणि मोर्चांत ‘रुग्णालयात खाट द्या’ या मागणीच्या जोडीला ‘विश्रांतीची मजुरी द्या’ ही मागणी आली पाहिजे. आठ तासांचा दिवस आणि साप्ताहिक सुट्टी याही एके काळी अव्यवहार्य मागण्या मानल्या जात. श्रमावर ज्याचा हक्क आहे, त्याचा श्रम पुन्हा करण्याजोगे होण्यासाठी लागणाऱ्या विसाव्यावरही हक्क आहे. तो हक्क कायद्यात लिहिला जाईपर्यंत ही मागणी सोडता येणार नाही.