दुखणे पाठीचे, कारण कामाचेही

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात बोइंगच्या विमान कारखान्यातील ३,०२० कामगारांची पाहणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील २७९ जणांनी पाहणीच्या काळात पाठदुखीची तक्रार नोंदवली. आपले काम क्वचितच आवडते असे सांगणाऱ्यांत ही शक्यता काम आवडणाऱ्यांच्या अडीचपट निघाली.

म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. हे ठासून सांगायला हवे, कारण ‘मनाचा संबंध आहे’ म्हटले की साहेब लगेच ‘नाटक करतो’ असा अर्थ काढतात. भीती, नैराश्य, अपुरी झोप यांनी वेदना खरोखर तीव्र होते. मूळ इजा भरून आल्यावरही ती टिकू शकते. वाकलो तर मणका सरकेल या धास्तीने माणूस हालचाल टाळतो, स्नायू दुबळे होतात आणि दुखणे मुरते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९९७ पासून दूरचित्रवाणीवरून हेच समजावले: पडून राहू नका, हिंडते-फिरते राहा, कामावर परता. लोकांच्या आणि डॉक्टरांच्याही समजुती बदलल्या, नुकसानभरपाईचे दावे घटले.

आपल्याकडे पाठ धरली की एमआरआय, पट्टा आणि गोळ्या. कामाचे तास, वरिष्ठांचा धाक, नोकरीची धास्ती यांची चौकशी क्वचितच होते. डॉक्टरांनी ती केलीच पाहिजे. आणि मालकांनी दुखणाईत कामगाराला राजीनाम्याकडे न ढकलता काही आठवडे हलके काम देऊन परत घ्यावे.