कप्तानाला विचारू नका

यंदा आपल्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचे काय होणार, हा प्रश्न कँटीनपासून ग्रंथालयाच्या पायऱ्यांपर्यंत सर्वत्र ऐकू येतो. कारण सर्वांना ठाऊक आहे. उन्हाळ्याच्या सुटीआधी सराव करताना आमचा कप्तान रिबाउंडसाठी उडाला, खाली येताना पाय सिमेंटवर टेकला, गुडघा आत वळला, आणि पडल्यावर सर्वांत आधी उठणारा तो त्या दिवशी उठलाच नाही. गुडघ्यातले लिगामेंट तुटले होते. शस्त्रक्रिया झाली. निदान नऊ महिने स्पर्धेचा खेळ नाही, असे डॉक्टरांनी बजावले. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या वेळी जेमतेम सहा महिने भरतील.

या प्रश्नाला दोन तयार उत्तरे मिळतात. पहिले : "तो नाही, तर संघ पाठवायचाच कशाला?" दुसरे : "आता धावतो की तो! गुडघ्याला पट्टा बांधून शेवटची पाच मिनिटे उतरवा." मला ही दोन्ही उत्तरे चुकीची वाटतात. ज्याची जागा यंदा मला घ्यायची आहे, त्याच्याविषयी मीच लिहावे हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. पण दोन वर्षे राखीव म्हणून बाकावर बसलो आहे, आणि बाकावरून मैदान पुरते दिसते, एवढे तरी मान्य व्हावे.

प्रथम नुकसानीचा हिशेब मांडू. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने त्यात तरी कसूर करू नये. आमच्या शहापुरात एकाच व्यापाऱ्याच्या मागणीवर चालणारे माग मी लहानपणापासून पाहत आलो आहे. मागणी असते तोवर सारे छान. व्यापाऱ्याने पाठ फिरवली की खटखट बंद. आमचा संघ तसाच चालला होता. चेंडू पुढे न्यायचा तो कप्तानाने, अडचणीत सापडलो की पास द्यायचा तो कप्तानाकडे, शेवटचा फेकही त्याचाच. आम्ही जिंकत होतो, म्हणून आम्हांला बाकी काही येत नाही हे कोणाच्या ध्यानात आले नाही. आमच्या स्वतःच्याही नाही. एवढेच काय, मैदानावरचा आवाजसुद्धा त्याचाच. तो कन्नडमध्ये "कोडो, कोडो" म्हणून ओरडे आणि आम्ही मराठीतून हो म्हणत चेंडू देत असू. आता सरावाला इतकी शांतता असते की चेंडूचे टप्पे मोजता येतात.

पण म्हणून संघ पाठवूच नये काय? अमेरिकेतल्या शिकागो बुल्स संघाची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. डेरिक रोझ हा २०११ साली, अवघ्या बावीस वर्षांचा असताना, त्या देशातल्या एनबीए या व्यावसायिक स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. २८ एप्रिल २०१२ रोजी बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात, बुल्स बारा गुणांनी पुढे असताना आणि दीड मिनिटाहून कमी वेळ उरला असताना, त्याच्या डाव्या गुडघ्याचे लिगामेंट तुटले. आमच्या कप्तानाचे तुटले तेच. पुढचा संपूर्ण हंगाम तो खेळला नाही.

त्याच्यावाचून बुल्सचे काय झाले? आदल्या हंगामात त्यांनी ६६ पैकी ५० सामने जिंकले होते. आता ८२ पैकी ४५ जिंकले. घट झाली, हे मान्य केलेच पाहिजे. पण याच संघाने मार्च २०१३ मध्ये ओळीने २७ सामने जिंकत आलेल्या मायामीला १०१–९७ असे हरवले. बाद फेरीत ब्रुकलिनविरुद्ध त्यांच्या पाच फूट नऊ इंच उंचीच्या नेट रॉबिन्सनने एका सामन्यात ३४ गुण केले. त्यांपैकी २३ एकट्या शेवटच्या पावात. ती मालिका बुल्सने सातव्या सामन्यात जिंकली. रोझची जागा कोणा एकाने भरून काढली नाही. ती पाचसात जणांनी वाटून घेतली, आणि बचाव मात्र कडक ठेवला. मला यातून बोध घ्यायचा तो एवढाच.

आता दुसरे उत्तर, पट्ट्याचे. २०१९ साली गोल्डन स्टेट संघाचा केविन ड्युरांट पोटरीच्या दुखापतीमुळे महिनाभर बाहेर होता. अंतिम मालिकेत संघ हरण्याच्या बेतात असताना, १० जून रोजी, त्याला उतरवण्यात आले. बारा मिनिटांत त्याने ११ गुण केले, आणि मग त्याच पायाच्या टाचेवरची शीर तुटली. तो सामना संघाने एका गुणाने जिंकला, पुढचा हरला आणि मालिकाही गमावली. ड्युरांटचा पुढचा सबंध हंगाम गेला. त्याच्या दिमतीला डॉक्टरांची फौज होती. आपल्याकडे जिमखान्याच्या कपाटात बर्फाची पिशवी आणि मलमाची एक ट्यूब आहे.

वाट पाहिली म्हणजे सारे सुखरूप होते, असेही मी म्हणणार नाही. रोझ वर्षाहून अधिक थांबला. डॉक्टरांनी परवानगी देऊनही तो उतरत नाही म्हणून लोकांनी त्याला नावे ठेवली. आणि परत आल्यावर दहाच सामन्यांनंतर त्याचा दुसरा गुडघा दुखावला. पण तोच रोझ २०१८ साली एका सामन्यात ५० गुण करून गेला आणि २०२४ साली स्वतः ठरवून निवृत्त झाला. जे आपल्या हाती नाही ते टळणार नाही. जे हाती आहे ते तरी आपल्याकडून घडू नये.

आता एक कबुली देतो. हे सगळे माहीत असूनही पट्ट्याची गोष्ट कप्तानाजवळ पहिल्यांदा मीच काढली. एका संध्याकाळी सराव वाईट झाला होता. माझ्या हातून चेंडू चारदा सुटला होता. तो बाकावर बसून पाहत होता. मी त्याच्याजवळ जाऊन म्हणालो, "उपांत्य सामन्यात तरी पाच मिनिटे उतर की रे." मला वाटले, तो चिडेल किंवा हसेल. त्याने गुडघ्याकडे पाहिले आणि क्षणाचाही विचार न करता म्हटले, "उतरतो." त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी माफी मागितली, तर म्हणाला, "इर्लि बिडले" — असू दे, सोड रे.

माझे म्हणणे आहे ते इथेच. लोक म्हणतात, "त्यालाच विचारा, त्याची तयारी असली तर आपण कोण अडवणार?" हा प्रश्न दिसतो सरळ, पण तो प्रश्न नव्हेच. वीस-एकवीस वर्षांचा कप्तान, संघ हरतो आहे, भोवती मित्र उभे आहेत. तो 'नाही' म्हणेलच कसा? ज्याला एकच उत्तर देता येते त्याला विचारणे म्हणजे आपली जबाबदारी त्याच्या गळ्यात बांधणे. निर्णय डॉक्टरांनी द्यावा, जिमखान्याने पाळावा आणि आपण सर्वांनी गप्प बसावे.

मग यंदा काय? माझा अंदाज असा : चषक येणार नाही. पहिल्या दोन फेऱ्या आपण पार करू. उपांत्य फेरीत उंच संघ समोर आला तर कठीण आहे. सध्या आम्ही रोज पन्नास फ्री थ्रो फेकतो, कारण त्याला उंची लागत नाही. झोन बचावाचा सराव चालला आहे. आणि पाचही जणांनी ओरडायचे ठरले आहे, ज्याला ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत. परवा मी स्वतः "कोडो" म्हणून ओरडलो आणि पास आला.

हाच मजकूर मी कन्नड विभागासाठीही लिहून दिला आहे. आमचा कप्तान मराठी आपल्यासारखीच बोलतो, पण वाचत नाही. आणि हे त्याने वाचावे अशी माझी इच्छा आहे.

— बी. कॉम., तृतीय वर्ष